शोधनाचे पाणी जाते कोठे?

गतवर्षी उदगीरहून एक विद्यार्थी प्रत्यक्ष कर्माभ्यासासाठी जळकोट येथील आमच्या चिकित्सालयात काही दिवस येत असे. एके दिवशी नागाचे शोधन चालू होते. पिठरयंत्राच्या झाकणातील छिद्रावाटे वितळलेले शिसे चूर्णोदकात सात वेळा ओतून झाले. शिसे बाहेर काढून, पुसून, तोलून ठेवले. विद्यार्थ्याने भांडे उचलत विचारले, "सर, हे पाणी कोठे टाकू?" आम्ही वहीतून मान वर न करताच म्हणालो, "मोरीत."

आमच्या मोरीचे पाणी परसातील लिंबाच्या आळ्यात जाते. आळ्यापासून विहीर पंधरा-वीस पावलांवर आहे आणि त्या विहिरीवर आमच्यासह तीन घरे पाणी भरतात. भांड्याच्या तळाशी करडा गाळ राहिला होता; विद्यार्थी मोठा टापटिपीचा, त्याने तोही विसळून टाकला. रात्री वहीत शोधनापूर्वीचे व शोधनानंतरचे वजन लिहिताना आमचा हात थांबला. शिसे दर शोधनात थोडे कमी भरते, हे आम्ही वीस वर्षे लिहीत आलो आहोत. जे कमी भरले ते गेले कोठे, हा प्रश्न मात्र त्या रात्री प्रथमच पडला. उत्तर लिंबाखाली होते.

रसौषधींतील धातूंविषयी गेल्या दोन दशकांत आपल्या व्यवसायात जेवढे बोलले गेले, तेवढे क्वचितच दुसऱ्या विषयावर बोलले गेले असेल. २००४ साली अमेरिकेतील वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात रॉबर्ट सेपर व सहकाऱ्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे त्यात नमूद होते. पुढे १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनौषधींना जड धातूंची तपासणी आवश्यक झाली. त्या निबंधावर आपल्याकडे परिसंवाद झाले, प्रत्युत्तरे लिहिली गेली, भस्मपरीक्षांची नव्याने उजळणी झाली. ते सर्व आवश्यकच होते. परंतु हा सारा वाद कुपीतील औषधापुरता राहिला. ते औषध सिद्ध होताना जे द्रव फेकले जाते, त्याविषयी कोणी आम्हांस विचारले नाही आणि आम्हीही कोणास विचारले नाही.

कायद्याची स्थितीही पाहण्याजोगी आहे. औषधनिर्मितीच्या सुयोग्य पद्धतींचे 'शेड्यूल टी' हे परिशिष्ट २००० साली अधिसूचित झाले. निर्मितीगृहातील अपायकारक सांडपाणी प्रदूषण नियंत्रण यंत्रणेच्या निर्देशांनुसार योग्य प्रक्रिया करूनच सोडावे, असे त्यात स्पष्ट आहे. मात्र जो नोंदणीकृत वैद्य केवळ स्वतःच्या रुग्णांसाठी औषध करतो आणि बाजारात विकीत नाही, त्याला या परिशिष्टातून सूट आहे. ही सूट रास्त आहे. ती नसती तर खेड्यापाड्यांतील वैद्यांचे खल केव्हाच माळ्यावर गेले असते. पण सूट कागदपत्रांना आणि इमारतीच्या मापांना मिळते. शिशाला ती लागू होत नाही.

आता त्या पाण्यात असते तरी काय, हे थोडे खोलात पाहू. नागाच्या सामान्य शोधनात तैल, तक्र, गोमूत्र, कांजी व कुळथाचा काढा ही द्रव्ये वापरतात. यांपैकी तक्र व कांजी आम्ल आहेत. आम्लाच्या संगतीत शिशाचा काही अंश विद्राव्य क्षाराच्या रूपाने द्रवात उतरतो, आणि असा विरघळलेला अंश कितीही काळ ठेवला तरी आपणहून तळाशी बसत नाही. चूर्णोदकाची गोष्ट निराळी. चुन्याने धातू खाली बसतात, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते व ती बऱ्याच अंशी खरी आहे. पण शिसे हा दुतोंडी धातू आहे. तो आम्लातही विरघळतो आणि अतितीव्र क्षारातही विरघळतो. सामू ९ ते १० च्या आसपास असताना तो सर्वांत कमी विरघळतो. ताज्या, संपृक्त चुन्याच्या निवळीचा सामू १२ च्या वर असतो. म्हणजे नितळ दिसणारे वरचे पाणीही निर्धोक नाही.

पारदाचे सांगावे तेवढे थोडे. सुधाचूर्णासह मर्दन, मग लसूण व सैंधवासह मर्दन, कल्क काळा पडला की उष्णोदकाने प्रक्षालन, हा क्रम आपणा सर्वांच्या हातात बसलेला आहे. त्या काळ्या कल्कात पाऱ्याचे डोळ्यांना न दिसणारे कण असतात आणि धुण्याबरोबर ते वाहून जातात. कण सोडून द्या. पारा पाण्यात विरघळतच नाही असे आपण म्हणतो, तेही अगदी तंतोतंत खरे नाही. सामान्य तपमानास एक लिटर शुद्ध पाण्यात सुमारे ०.०६ मिलिग्रॅम पारा विरघळतो. ही मात्रा क्षुल्लक भासते. पण भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात पाऱ्याची मर्यादा लिटरमागे ०.००१ मिलिग्रॅम आहे आणि नदीनाल्यांत सोडावयाच्या सांडपाण्यास ०.०१ मिलिग्रॅम. शिशासाठी हेच आकडे अनुक्रमे ०.०१ व ०.१ आहेत. म्हणजे पाऱ्यावरून केवळ फिरलेले पाणीसुद्धा पेयजलाच्या मर्यादेच्या साठपट जाऊ शकते.

जळकोटचा परिसर बालाघाटच्या डोंगराळ पट्ट्यातला. वर मातीचा पातळ थर, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. येथे पाणी भेगांतून चालते. कोणत्या भेगेचे तोंड कोणाच्या विहिरीत उघडते, हे विहीर खणणाऱ्यासही सांगता येत नाही. काळी माती शिशाला पुष्कळ धरून ठेवते, हे खरे आहे. तेवढा विहिरीला आधार आहे. पण धरून ठेवलेले शिसे मातीत साठत जाते, त्याचा नाश होत नाही, आणि लिंबाखाली शेजारची मुले गोट्या खेळतात. पाण्याची टंचाई तर आपल्या जिल्ह्याने २०१६ च्या एप्रिलात सर्व देशाला दाखविली. मिरजेहून रेल्वेने पाणी लातुरास आणावे लागले. जेथे पाणी इतके थोडे, तेथे त्यात मिसळलेले विष पातळ व्हायलाही पाणी उरत नाही.

दूषित जलाचे शोधन हा आपल्या शास्त्राला परका विषय नाही. चरकाचार्यांनी विमानस्थानात जनपदोध्वंसाची कारणे सांगताना वायु, उदक, देश व काल असा क्रम दिला आहे. सुश्रुताचार्य तर कल्पस्थानात विषदूषित जलाशयांची चिकित्साच सांगतात. धव, अश्वकर्ण, असन, पारिभद्र, पाटला, मोक्षक, आरग्वध इत्यादी वृक्ष जाळून त्यांची थंड झालेली राख सरोवरांत टाकावी, असा त्यांचा उपाय आहे. राखेत क्षार असतो व अर्धवट जळलेला कोळसाही असतो. क्षाराने काही द्रव्ये साका होऊन बसतात आणि कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांत काही द्रव्ये अडकतात. आजच्या सांडपाणी प्रक्रियेत चुना आणि सक्रिय कोळसा वापरतात, त्यांचे काम याच जातीचे आहे.

या दोहोंची मर्यादा अशी की, धातू पुष्कळ असेल तर ते त्यातला मोठा वाटा काढतात. अल्प उरला की त्यांचा हात आखडतो. कोळशाची छिद्रे लहान-मोठी, वेडीवाकडी असतात. त्यांत शिसेही शिरते, चुनाही शिरतो, काढ्यातील रंगद्रव्येही शिरतात. लिटरमागे मिलिग्रॅमचा शंभरावा भाग पकडावयाचा तर पकडणाऱ्याला निवड करता आली पाहिजे. या ठिकाणी गेल्या तीन-चार दशकांतील एका नव्या पदार्थकुलाचा विचार करावा लागतो. त्याचे नाव 'मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क', आद्याक्षरांनी 'मॉफ'. आपण धातु-सेंद्रिय चौकट म्हणू. २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक याच कार्यासाठी क्योतोचे सुसुमू कितागावा, मेलबर्नचे रिचर्ड रॉबसन आणि बर्कलेचे ओमर याघी यांना मिळाले. रॉबसन यांना ही कल्पना १९७४ साली विद्यार्थ्यांसाठी छिद्रे पाडलेल्या लाकडी गोळ्यांची प्रतिरूपे करताना सुचली, आणि याघी हे अम्मानमध्ये नळाचे पाणी नसलेल्या घरात वाढले. पहिली गोष्ट शिक्षकांना आवडेल, दुसरी लातूरकरांना.

मराठवाड्यातील जुने माळवदाचे घर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या पदार्थाची रचना समजण्यास वेळ लागणार नाही. खांबाच्या माथ्यावर तुळया येऊन मिळतात आणि घर किती खणांचे, यावरून त्याचे माप सांगतात. मॉफमध्ये सांध्याच्या जागी धातूचे अणू असतात आणि तुळयांच्या जागी कर्बयुक्त सेंद्रिय रेणू. सर्व खण एकाच मापाचे. तुळई लांब घेतली की खण मोठा, आखूड घेतली की लहान. कोळशाच्या ठायी जे योगायोगाने घडते, ते येथे योजून करता येते. या खणांच्या भिंतींचे क्षेत्रफळ ऐकून प्रथम आमचाही विश्वास बसला नव्हता. २००४ साली याघींच्या गटाने सिद्ध केलेल्या मॉफ-१७७ या पदार्थाच्या एका ग्रॅममध्ये सुमारे ४५०० चौरस मीटर पृष्ठभाग भरला. शेतकऱ्याच्या भाषेत, चिमूटभर चूर्णात चव्वेचाळीस गुंठे.

मात्र आरंभीच्या अनेक चौकटींचा एक दोष असा होता की, त्यांना पाणीच सोसत नसे. १९९९ साली प्रसिद्ध झालेले मॉफ-५ हे त्या काळी अपूर्व मानले गेले, पण दमट हवेतही त्याचे सांधे निखळत. सांडपाण्यात ते घालणे म्हणजे मिठाचा बंधारा बांधणे झाले असते. २००८ साली ऑस्लो विद्यापीठात झिर्कोनियम धातूच्या सांध्यांची यूआयओ-६६ ही चौकट सिद्ध झाली. झिर्कोनियम व प्राणवायू यांचा बंध बळकट असल्याने ती पाण्यात व आम्लातही टिकते. जलशोधनाचा मार्ग खऱ्या अर्थाने तेथून मोकळा झाला.

आता रसशास्त्राच्या अभ्यासकास ज्याची ओढ वाटावी, त्या भागाकडे येऊ. केवळ खण असून भागत नाही. खणात येणाऱ्यास धरून ठेवणारी खुंटी हवी. पाऱ्यासाठी ती खुंटी कोणती असावी, हे आपल्यापैकी प्रथम वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. पारद व गंधक यांची प्रीती आपण कज्जली करताना रोज पाहतो. चकचकीत, चंचल पारा गंधकाशी घोटला की आपले चापल्य सोडून काळ्या भुकटीत बद्ध होतो, आणि तो बद्ध पदार्थ पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. रसायनशास्त्रातही हाच गुण फार पूर्वीपासून ज्ञात आहे. गंधक व उदजन यांची जोडी असलेल्या सेंद्रिय द्रव्यांना एकोणिसाव्या शतकात झाइसे या डॅनिश शास्त्रज्ञाने 'मर्कॅप्टन' नाव दिले, त्याचा लॅटिन अर्थच मुळी पारा पकडणारे असा आहे. शिशाच्या विषबाधेत आधुनिक वैद्यक जी द्रव्ये देते, त्यांपैकी डायमर्कॅप्रोल व सक्सिमर ही दोन्ही याच गंधकजोडीवर चालतात.

२०१३ साली हाँगकाँगच्या सिटी विद्यापीठातील झेंगताओ शू यांच्या गटाने झिर्कोनियमच्या चौकटीतील सेंद्रिय तुळयांवर ही गंधकजोडी बसविली. त्या स्फटिकांनी पाण्यातील पाऱ्याचे प्रमाण दशलक्षांशाच्या शंभराव्या भागाखाली, म्हणजे लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमहून कमी केले. तीव्र आम्लातही त्यांनी काम केले आणि पाऱ्याची वाफही शोषली. खलावर तासन् तास वाकून बसणाऱ्यांनी या शेवटच्या वाक्याकडे विशेष लक्ष द्यावे.

आमच्या पूर्वजांना मॉफ ठाऊक होते, असे म्हणण्याचा मोह येथे कोणी धरू नये. त्यांना कज्जली ठाऊक होती, हेच पुष्कळ आहे. बंधाचे ज्ञान एक आणि त्या बंधासाठी अणूंचे घर बांधण्याचे कौशल्य दुसरे. पहिले आपल्याकडे होते म्हणून दुसरे समजून घेणे आपल्याला सोपे जाते, एवढाच आमचा दावा आहे.

आणखी एक उदाहरण २०१८ चे. लोझान येथील स्विस तंत्रशास्त्र संस्थेत वेंडी क्वीन यांच्या गटाने लोहाच्या सांध्यांची स्वस्त चौकट घेतली आणि तिच्या खणांत पॉलिडोपामाइन या चिकट बहुवारिकाचा लेप दिला. या पदार्थाच्या एका ग्रॅमने जास्तीत जास्त सुमारे १.६ ग्रॅम पारा व ०.३९ ग्रॅम शिसे धरले. ऱ्होन नदीच्या व समुद्राच्या पाण्यातही त्यांनी तो पारखून पाहिला, ही त्यातील महत्त्वाची गोष्ट. कारण ऊर्ध्वपातित पाण्यातील यश प्रत्यक्ष पाण्यात टिकतेच असे नाही.

महाराष्ट्रात या विषयाचे एक प्रमुख केंद्र पुण्याच्या पाषाण भागात आहे. भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील सुजित घोष यांच्या गटाने २०१६ साली पाण्यात टिकणारी एक धनभारित चौकट प्रसिद्ध केली. हिचे सांधे निकेलचे असून खणांत सल्फेटचे आयन सैल बसलेले असतात. डायक्रोमेट वा परमँगनेट पाण्यात असेल तर सल्फेट बाहेर पडतो आणि त्याची जागा ते घेतात. रंगबदलावरून हे डोळ्यांनाही कळते. क्रोमियमचे हे रूप विद्युत्‌विलेपन व चर्मोद्योगाच्या सांडपाण्यात येते. येथे एक भेद ध्यानात घ्यावा. शिसे व पारा धनभारित रूपात येतात, क्रोमेट ऋणभारित. एकाच्या खुंटीवर दुसरा टांगला जात नाही. 'सर्व जड धातूंवर एकच उपाय' अशी जाहिरात कधी दिसली तर आपल्याकडील सर्वरोगहर चूर्णांची आठवण ठेवून ती वाचावी.

निकेलचा उल्लेख आला, त्यावरून आमचा मुख्य आक्षेपही सांगून टाकतो. धातू काढण्यासाठी पाण्यात घातलेली वस्तू स्वतःच धातूची आहे. तिचे सांधे थोडे जरी सुटले तरी एक विष काढून दुसरे घातल्यासारखे होईल. म्हणून मॉफविषयीचा कोणताही निबंध वाचताना किती शिसे धरले, हे पाहण्यापूर्वी पाण्यात स्वतःचा धातू किती सोडला, हे आम्ही पाहतो. या दृष्टीने लोह व झिर्कोनियम यांच्या चौकटी आम्हांस अधिक ग्राह्य वाटतात. शिवाय हे पदार्थ सिद्ध करताना अनेकदा डायमिथाइल फॉर्मामाइडसारखी विषारी द्रावके लागतात. सूक्ष्म चूर्ण पाण्यातून गाळून परत मिळविणे कठीण, म्हणून ते मण्यांत वा पडद्यांत बसवावे लागते. आणि भरलेली चौकट धुऊन पुन्हा वापरली तरी त्या धुण्यात धातू असतोच. मोठ्या प्रमाणावर मॉफचे उत्पादन आता होऊ लागले आहे, पण ते मुख्यतः कर्बवायू पकडण्यासाठी. वैद्याच्या मोरीला लावावयाची मॉफची गाळणी आज आम्ही कोठून विकत आणू शकत नाही.

तुलनेसाठी 'अमृत' पाहण्यासारखे आहे. चेन्नईच्या आय.आय.टी.तील प्रा. टी. प्रदीप यांच्या गटाने लोहाच्या ऑक्सिहायड्रॉक्साइडचे सूक्ष्म कण, म्हणजे ढोबळमानाने गंजाच्या जातीचे द्रव्य, कोळंबीच्या कवचापासून मिळणाऱ्या कायटोसनमध्ये बसविले. आर्सेनिकयुक्त भूजलासाठी ते प्रत्यक्ष गावांत वापरले गेले. त्यात मॉफसारखी नेमकी खोल्यांची आखणी नाही; पण ते स्वस्त आहे, पाण्यातच तयार होते आणि गावात टिकले. पाषाण व लोझानच्या पदार्थांना अद्याप ही परीक्षा द्यावयाची आहे.

आमच्या द्रवांची परीक्षा तर त्याहूनही कठीण असेल. संशोधकांच्या पाण्यात शिसे असते, फार तर थोडे मीठ. आमच्या पाण्यात आंबलेली कांजी, ताकातील प्रथिने व स्निग्धांश, गोमूत्रातील क्षार, कुळथाचा चोथा हे सर्व असते. त्यांनी खणांची दारेच बुजतील, असा आमचा तर्क आहे. तर्क खोटा ठरला तर आनंदच. म्हणून संघटनेच्या लातूर व नांदेड येथील सभासदांस आमची विनंती आहे की, आपापल्याकडील शोधनद्रवांचे नमुने द्रव्यवार वेगळे ठेवावेत आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातील रसायनशास्त्राच्या अध्यापकांकडे संघटनेमार्फत ते घेऊन जावे. अशा मिश्र द्रवावर काम करावयास मिळाले तर एखाद्या संशोधक विद्यार्थ्यास प्रबंधाचा विषय मिळेल व आपल्याला उत्तर.

तोपर्यंत आम्ही काय करतो, तेही सांगतो. चूर्णोदक झाकणाशिवाय, पण मुलांच्या व जनावरांच्या हाताबाहेर, काही दिवस ठेवतो. हवेतील कर्बवायूने चुना खाली बसतो, सामू उतरतो आणि शिशाचाही बराच भाग त्या साक्यात जातो. सामूदर्शक कागद औषधी दुकानात मिळतो. तो नऊच्या खाली आला की वरचे पाणी व साका वेगळे करतो, मात्र दोन्ही जपून ठेवतो. तक्र, कांजी व गोमूत्र यांना हा उपाय चालत नाही. ती प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये, नाव व तारीख लिहून. पारद धुतलेले पाणी व काळा कल्क घट्ट बुचाच्या वेगळ्या कॅनमध्ये, सावलीत. खल आता मोरीशी न धुता परातीत धुतो. लिंबाच्या आळ्यातील वीतभर माती काढून गोणीत भरली आहे आणि विहिरीचे पाणी तपासणीस पाठविले आहे. शेजारच्या दोन्ही घरांना त्याचे कारण सांगितले. सांगताना संकोच वाटला. एका घरातील आजीबाईंनी सर्व ऐकून घेतले आणि "मग इतके दिवस काय करत होतात, डॉक्टर?" एवढेच विचारले.

घातक कचऱ्याची अधिकृत विल्हेवाट लावणारी केंद्रे तळोजा, रांजणगाव व बुटीबोरी येथे आहेत. जळकोटहून यांतील एकही जवळ नाही, आणि दोन-तीन कॅनसाठी कोणाचे वाहन इतक्या दूर येणार नाही. जिल्ह्यातील वैद्यांनी एकत्र केले तर कदाचित येईल. आमच्याकडील कांजीचा कॅन भरला आहे, चूर्णोदकाचे दोन भरले आहेत, पारदाचा अद्याप निम्मा आहे. ते सर्व औषधिकोठीच्या कोपऱ्यात कुलपात आहेत. वरील विषयात ज्या सभासदांना रस असेल, त्यांनी आपल्याकडे कोणता द्रव किती आहे, हे संघटनेच्या कार्यालयास पत्राने कळवावे.